खिंडाईच्या मोटारीचा कौल

दर शुक्रवारी सकाळी आमच्या खिंडवाडीत इतकी माणसं लोटायची, की चढावरच्या हॉटेलवाल्याला दुधात पाणी घालायला सवड मिळायची नाही. तो गुरुवारीच घालून ठेवायचा. कोल्हापूर, मलकापूर, पार निपाणीकडची माणसं यायची. वडापच्या, सीट मोजून भाडं मारणाऱ्या जीपा भरून यायच्या, टपावर नारळांची पोती. कुणाला पोर होत नव्हतं, कुणाची म्हैस आटली होती, कुणाला भाऊबंदकीतला बांध सोडवायचा होता. सगळे खिंडाईच्या देवळाच्या चढाखाली उभे राहायचे आणि एका मोटारीकडं बघून हात जोडायचे.

मोटार हिरवी, विलायती, १९३८ सालची. मडगार्ड म्हशीच्या पाठीसारखे रुंद, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. बॉनेटवर मळवट भरलेला, आरशाला हिरव्या बांगड्या, आणि कधीच न चालणाऱ्या वायपरला लिंबू-मिरची. आत स्टिअरिंगवर आण्णा महाराज. भगवी लुंगी, अंगात जरीचं जाकीट, पाय अनवाणी. आईच्या गाडीत पायताण कसं घालतील, असं लोक म्हणायचे आणि त्या पायांवरच डोकं ठेवायचे.

"पावणं, जगातल्या गाड्या पेट्रोलवर पळत्यात," आण्णा माईकवरून सांगायचे. "ही श्रद्धेवर पळती. हिच्यात तेहतीस कोटी नटबोल्ट हायत आणि एकेका बोल्टात एकेक देव बसलाय."

श्रद्धेचा डबा दर गुरुवारी पंपावरून भरून यायचा. बोल्ट मी मोजलेले नाहीत, पण त्यातले चार ढिले होते हे मला माहीत होतं.

कौल लावायची रीत अशी. ज्याचा प्रश्न असेल त्यानं नारळ घेऊन पुढच्या चाकाशेजारी उभं राहायचं आणि देवळाकडं तोंड करून मोठ्यानं विचारायचं. आण्णा डोळे मिटायचे, गाडी पहिल्या गिअरात टाकायचे आणि चढाला लावायचे. गाडी सुरळीत वर गेली तर आईचा होकार. नकार असेल तर निघता निघताच गाडीला कापरं भरायचं. दारं खडखडायची, बांगड्या किणकिणायच्या, दिवे माना हलवायचे. अख्खी दीड टनाची मोटार अंगात आल्यागत थरथरत पाच-सात हात पुढं जायची आणि मग एकदम शांत व्हायची. तोवर गर्दी जमिनीला टेकलेली असायची. बायका घुमायला लागायच्या. एक रिटायर्ड हेडमास्तर तर दर वेळी चष्मा काढून डोळे पुसायचे.

ते बघताना नास्तिकाच्याही अंगावर काटा यायचा. माझ्याही यायचा, पण कारण वेगळं होतं. त्या गाडीला कापरं का भरतं हे गावात दोघांनाच माहीत होतं. एक आण्णा. दुसरा मी.

मी केरबा मिस्त्री. वय चौऱ्याहत्तर. पन्नास वर्षं मोटारी दुरुस्त केल्या आणि पन्नास वर्षं थापा मारल्या. गावानं मला मानलं ते दुसऱ्या कामासाठी. आमच्या म्हशीला मी रिव्हर्स शिकवला होता. पन्हाळ्याच्या उतारावर ब्रेक तुटलेला ट्रक मी नुसत्या शिव्या घालून थांबवला होता, आणि त्यातली शेवटची शिवी जरा जास्त झाल्यामुळं तो चार हात मागं सरकला होता. ऐकणारे चहा पाजायचे. थाप ही थाप आहे हे सांगणाऱ्याला माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही, तोवर कुणाचं काही जात नाही.

ही मोटार विजयसिंहांच्या आजोबांची. विजयसिंह म्हणजे गावातलं मोठं घर. सात वर्षांपूर्वी त्यांनी ती गोठ्यातून बाहेर काढली आणि माझ्या ताब्यात दिली. मी इंजिन खोललं, जोडलं, चालू केलं. पण देवळाच्या चढावर निघताना ती थरथरायला लागली. विजयसिंहांनी चारचौघांत विचारलं, "मिस्त्री, ही कापती का?"

काम माझंच चुकलं होतं. ते चारचौघांत कबूल करायची लाज वाटली. समोर देऊळ दिसलं आणि जीभ आपसूक चालली. मी म्हणालो, "सरकार, पन्नास वर्षं गोठ्यात कोंडली हुती. आज आईपुढं आली. आलं अंगात तिच्या."

सगळे हसले. मीही हसलो.

वर्षभरानं कर्नाटकाच्या सीमेकडून आण्णा आला. आधी ट्रक चालवायचा. त्यानं ही गोष्ट हॉटेलात ऐकली, विजयसिंहांकडून गाडी मागून घेऊन चढावर दोन-चारदा चालवून बघितली, आणि तो हसला नाही. थाप ऐकून जो हसत नाही त्याच्यापासून जपावं, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. पुढच्या नवरात्रात तो आण्णा महाराज झाला.

मी बघत बसलो. कुणाचं लग्न ठरायचं, कुणाचं मोडायचं, म्हटलं चालायचंच. खरं सांगायचं तर आतून थोडा फुगलोही होतो. माझ्या आजवरच्या थापा हॉटेलाच्या दारात मरायच्या. या थापेची पालखी निघाली होती.

मग एका श्रावणात तानाबाईच्या छातीत गाठ लागली.

ज्ञानू आणि तानाबाई माझे शेजारी. मधे एकच भिंत. ज्ञानू भात करतो, डेअरीला दूध घालतो, कुणाच्या अध्यात न मध्यात. तानाबाई सेहेचाळीस वर्षांची. माझी बायको गेल्यापासून दोन वेळची भाकरी त्या भिंतीवरून तीच द्यायची, आणि भाकरीबरोबर एक टोमणाही. आरोग्य केंद्रातल्या दीप्ती डॉक्टरांनी गाठ हातानं तपासली आणि कागद लिहून दिला. म्हणाल्या, "उद्याच कोल्हापूरला जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. न दुखणाऱ्या गाठीचीच मला भीती वाटते. ऑपरेशन लागेल, पण आत्ता गेलात तर वाचण्यासारखं आहे."

ऑपरेशन म्हटल्यावर ज्ञानूचं पाणी झालं. तो शुक्रवारी नारळ घेऊन चाकाशेजारी उभा राहिला. तानाबाई मागं बायकांत.

"आई, कारभारणीला कोल्हापूरला न्यायचं का?"

गाडी अशी कापली की आरशाची एक बांगडी फुटली.

आण्णा खाली उतरले. "बघितलंस? आईच्या अंगावर काटा आला. सुरी लावलीस तर बाई टेबलावरनं उठायची न्हाय. अकरा शुक्रवार धर. अंगारा लोण्यात कालवून लाव. गाठ इरघळती बघ, च्यात गुळाचा खडा इरघळल्यागत."

दवाखान्यात गेलेला माणूस बरा होऊन आपल्या कामाला लागतो. अकरा शुक्रवार धरलेला माणूस अकरा वेळा येतो आणि येताना घरातले चौघे आणतो. आण्णांच्या आईला एवढं बरोबर कळत होतं.

त्या दुपारी मी भिंतीला वळसा घालून ज्ञानूच्या घरी गेलो.

"ज्ञानू, गाडीत देव-बीव काय न्हाय. क्लचप्लेटवर तेल गळतंय. माझ्या हातची चूक हाय ती."

ज्ञानू केविलवाणं हसला. "मामा, आजचा दिवस तरी सोडा."

"खरं सांगतोय गा."

"म्हशीचं पण खरंच सांगितलं हुतासा."

तानाबाई चुलीपुढून म्हणाली, "मामा, त्यांचा जीव थाऱ्यावर न्हाय. थट्टा नगो आज."

मी हॉटेलात जाऊन सांगितलं. सगळे सरकून जवळ बसले, चहा मागवला, मान डोलावत ऐकलं आणि शेवटी विचारलं, "फुडं?"

पन्नास वर्षं मी खोटं सांगितलं आणि माणसांनी मजेनं ऐकलं. आयुष्यात एकदा खरं सांगायची वेळ आली, तर त्यांनी तेही मजेनंच ऐकलं. सांगणाऱ्याची पत गेली की खऱ्याचीही जाते.

शुक्रवार जात राहिले. सहाव्या शुक्रवारी तानाबाई भिंतीवरून भाकरी द्यायला आली तेव्हा उजवा हात वर जाईना. डाव्या हातानं दिली. आठव्याला टोमणा बंद झाला. दीप्ती डॉक्टर दोनदा घरी येऊन गेल्या. ज्ञानूनं त्यांना चहा दिला, पाया पडला, आणि म्हणाला, "आणि तीनच ऱ्हायल्यात, बाई."

दहाव्या शुक्रवारनंतरच्या शनिवारी मोटार गावातून गेली. ताडपत्री घालून, दुसऱ्या गाडीवर चढवून. विजयसिंहांनी गावात सांगितलं, आई पॉलिशला नेलीय. खरं कारण हे, की पुढच्या रविवारी कोल्हापुरात जुन्या मोटारींची रॅली होती आणि त्यांना बक्षीस हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मला शिरोली एमआयडीसीतून फोन आला. "केरबा आज्जा, मी निशिगंधा. ह्या गाडीचं इंजिन शेवटी तुम्ही खोललंय ना? या जरा."

निशिगंधा आमच्याच बौद्धवाड्यातली. आयटीआय करून आता जुन्या मोटारी नव्यासारख्या करणाऱ्या वर्कशॉपात क्लच आणि गिअरबॉक्सचं काम बघते. वय अठ्ठावीस, बोलणं मोजकं. मी गेलो तेव्हा गाडी अजून खोललेली नव्हती.

"शेजारी बसा," ती म्हणाली. वर्कशॉपाच्या दारात सिमेंटचा चढ होता. "आधी आण्णांसारखी चालवते."

तिनं बूट काढून ठेवले. हँडब्रेक अर्धा ओढला, इंजिन मंद ठेवलं आणि क्लचवरचा पाय केसाकेसानं वर घेतला. गाडी नाचायला लागली. माझी कवळी वाजली. मग ती गाडी खाली घेऊन आली, हँडब्रेक पूर्ण सोडला, थोडी रेस दिली आणि पाय पटकन उचलला. गाडी गुपचूप चढून गेली.

"म्हणून ते अनवाणी," ती म्हणाली. "पेडल कुठं पकडतं ते तळव्याला कळतं. हो म्हणायचं तर पाय असा, नाही म्हणायचं तर पाय तसा. नाव आईचं, आणि टाच आण्णांची."

मग गिअरबॉक्स उतरवला. क्लचप्लेट तेलानं काळी आणि चकाकती झाली होती. इंजिनच्या मागच्या तोंडातून तिनं पकडीनं काहीतरी खेचून काढलं. काळं, कुजलेलं, वीतभर.

"हे काय?"

मी खाली बघितलं. "कासरा."

"बैलाचा?"

"तिथं तेल अडवायला दोरीचं पॅकिंग लागतंय. मिळालं न्हवतं. गोठ्यात कासरा हुता, तो तोडून ठासला. म्हणलं, चालतंय की."

मला वाटलं ती हसेल. ती कासऱ्याकडं बघत राहिली. "आणि तानाकाकू ह्याच्यापायी अडीच महिने घरात बसलीय," ती म्हणाली.

तेवढ्यात विजयसिंह आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. "रॅलीत कापरं नको बघ. परीक्षक हसतील. चढावर लोण्यागत गेली पाहिजे." मग आवाज खाली आणून, "पण नंतर परत घालता येईल का?"

"काय?"

"कापरं."

निशिगंधानं हात पुसले. "साहेब, तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे, यंत्र आहे, कापणारच. लोकांची श्रद्धा आहे, आपण कोण मोडणारे. आणि हे बघ, आण्णाला काही बोलू नका. त्याला कळलं असतं तर गाडी सोडली नसती त्यानं. एक शुक्रवार सगळ्यांना होकार मिळाला तर काय बिघडतंय?"

"दुरुस्तीला आणलीय," ती म्हणाली, "दुरुस्त होईल."

आणि तिनं केली. इंजिनामागच्या जड चाकाची, फ्लायव्हीलची, घासलेली बाजू लेथवर साफ केली, प्लेटला नवं लायनर ठोकलं, खरं पॅकिंग बसवलं, इंजिनखालचे कुजलेले रबर बदलले, ते चार बोल्ट आवळले. गुरुवारी तिनं बॉनेटवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवून गाडी चढावर घातली. पाणी सांडलं नाही. मी लाजलो. सात वर्षांपूर्वी मला हेच करायचं होतं.

अकरावा शुक्रवार. मोटार पहाटेच देवळापाशी परत आली होती. अकरावा म्हणून ज्ञानूनं पै-पाहुणे बोलावले होते. तानाबाईला जीपमधून उतरवून देवळाच्या पायरीवर बसवलं. तिचा उजवा हात सुजला होता. निशिगंधा रजा काढून आली होती, खांद्याला पिशवी. मी तिच्या शेजारी.

पहिला नंबर बांधासाठी भावाशी भांडणाऱ्या आकारामचा. "आई, मधला बांध माझाच का?" आण्णांचा तळवा हळूच वर आला. गाडी तांब्या ठेवून चढवावी तशी वर गेली. आण्णांनी खाली पेडलकडं बघितलं. लोकांनी नारळ फोडला.

पाठोपाठ आकारामचा भाऊ. "आई, बांध माझा का?" गाडी परत सुरळीत वर. आता दोघे भाऊ एकमेकांकडं बघायला लागले. तिसऱ्या माणसानं विचारलं, नोकरी सोडून दुकान टाकू का? होकार. चौथ्यानं विचारलं, दुकान मोडून नोकरी धरू का? होकार. आण्णांच्या जाकिटाला घाम फुटला. पाचव्या वेळी त्यांनी हँडब्रेक पार वर ओढला. गाडी गचका देऊन बंद पडली, पण कापली नाही. गर्दीत कुजबुज सुरू झाली.

मग ज्ञानू उभा राहिला. नारळ त्यानं दोन्ही हातांनी धरला होता.

"आई, अकरा झालं. आता तरी न्हिऊ का दवाखान्याला?"

आण्णांनी सगळं पणाला लावलं. पाय इतका सावकाश सोडला की मुंगी चढून उतरली असती. गाडी तेवढ्याच सावकाशीनं, एक बांगडी न हलवता, चढावर गेली.

ज्ञानू तिथंच खाली बसला आणि रडायला लागला. "व्हय म्हणाली. आई व्हय म्हणाली."

मी निशिगंधाचा दंड धरला. "आता गप ऱ्हा. आत्ता काय बोलू नगंस. जाऊ दे त्याला कोल्हापूरला, मग सांग काय सांगायचं ते."

तिलाही तेच वाटलं असावं. पण आण्णा माईक घेऊन खाली उतरले होते.

"थांबा. आजचा कौल कुणी धरायचा न्हाय. आई बाटलीय." त्यांची नजर गर्दीवरून फिरत निशिगंधावर थांबली. "कुणाचा हात लागलाय गाडीला? कुणाच्या हातानं आई गप झाली? ज्ञानू, ऊठ. परत शुद्धी करून अकरा शुक्रवार धरावं लागतील."

माणसं तिच्याकडं वळली. कुणीतरी म्हणालं, "व्हय गं, तू हात लावलास?"

"लावला," निशिगंधा म्हणाली. "चार दिवस लावला. आतून, बाहेरून." तिनं पिशवीतून काळी प्लेट काढून देवळाच्या पायरीवर ठेवली आणि तिच्यावर तो कुजका तुकडा. "तुमची आई गप झाली नाही. एवढं बाहेर काढलं म्हणून गाडी गप झाली."

"काय हाय ते?"

आता बोलायची पाळी माझी होती. "कासरा हाय," मी म्हणालो. "सात वर्षांमागं मी इंजिनात ठासलेला. त्यातनं तेल गळत हुतं म्हणून गाडी कापत हुती. अंगात येतंय ही माझी थाप. मी रचलेली, ह्याच देवळाम्होरं."

दोन-चार जण हसले. "मामा सुटला," एक जण म्हणाला. पण पुढं बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तुकडा उचलला, बोटांनी पीळ सोडवला, वास घेतला. जन्मभर बैल हाकलेला माणूस. "कासराच हाय," तो म्हणाला आणि पुढच्याला दिला. कासरा हातोहात फिरायला लागला. हसणं थांबलं.

"तेलानं गाडी कशी कापंल?" आकारामनं विचारलं. प्रश्न बरोबर होता. सहा वर्षांत पहिल्यांदा तिथं कुणी गाडीला सोडून माणसाला प्रश्न विचारला होता.

जत्रेमागं फिरणारा एक नंदीबैलवाला गर्दीच्या कडेला होता. निशिगंधानं त्याच्याकडून त्याचं ढोलकं आणि वाकडी काठी मागून घेतली आणि आकारामच्या हातात दिली.

"दाबून सावकाश घासा कातड्यावर."

गुबू, गुबू, गुबू, गुबू.

"काठी सरळ सरकते का?"

"न्हाय. अडकती, सुटती."

"अडकते, सुटते, अडकते, सुटते. म्हणून कातडं थरथरतं आणि आवाज येतो. आता हलक्या हातानं झर्रकन ओढा."

काठी नुसती फस्स करून सरकली.

"क्लच म्हणजे अशीच एकमेकांवर दाबलेली दोन ताटं. एक इंजिनाबरोबर फिरतं, दुसरं चाकांना फिरवतं. मधे तेल आलं आणि पाय सावकाश सोडला की ती अडकतात, सुटतात. अख्खी मोटार गुबूगुबू करते. पाय पटकन सोडला की करत नाही. नाही म्हणायचं का हो, ते आण्णांचा पाय ठरवत होता. आता तेल नाही, म्हणून पायाचं काही चालत नाही. विश्वास नसेल तर कुणीही बसा आणि चालवून बघा."

तिघे बसले. डेअरीची जीप चालवणारा, वडापवाला आणि ते रिटायर्ड हेडमास्तर, ज्यांना धड गाडी येत नव्हती. तिघांनाही आईनं होकार दिला. आण्णा मागच्या बाजूनं पायताण शोधायला गेले, ते परत आले नाहीत. विजयसिंह मोठ्यानं म्हणाले, "मला ह्यातलं काही माहीत नव्हतं." निशिगंधानं त्यांच्याकडं बघितलंही नाही.

ज्ञानू अजून चाकाजवळ बसून होता. त्यानं तिला विचारलं, "मग मगाचा व्हय? तो खरा का खोटा?"

आता हो म्हण पोरी, मी मनात म्हणालो, एवढं एकदा खोटं बोल. या कामातला मी जाणकार, मी तुला माफ करतो.

"खोटा," निशिगंधा म्हणाली. "आजचा व्हय पण खोटा, आणि अडीच महिन्यांमागचा न्हाय पण खोटा. गाडीला काही कळत नाही, काका."

ज्ञानू दोन्हीकडून सुटलेल्या माणसासारखा बघत राहिला. "मग करू काय मी?"

तानाबाई पायरीला हात देऊन उठली. डावा हात.

"तुमी काय बी करू नगासा. मी जातो," ती म्हणाली. "गाडी व्हय म्हणली म्हणून न्हाय आणि न्हाय म्हणली म्हणून न्हाय. मला गाठ हाय म्हणून जातो. पहिल्या दिशी मलाच कुणी इचारलं न्हाय. इचारलं असतंसा तर तवाच सांगितलं असतं. भ्या वाटत हुतं, पण गेलो असतो."

ती जीपकडं चालायला लागली. बायकांची गर्दी आपोआप बाजूला झाली. ज्ञानू तिच्या मागं धावला, नारळ तसाच हातात.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. गाठ काखेत उतरली होती. "दीप्ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तारीख आहे," ते ज्ञानूला म्हणाले. "तेव्हा आला असतात तर मी तुम्हाला शब्द दिला असता. आता प्रयत्न करू." त्यांनी खरंच केले. आधी औषधं, मग ऑपरेशन, मग किरणांचा शेक. तिचे केस गेले, परत आले, परत गेले. मधले पाच महिने बरे गेले. त्या पाच महिन्यांत भिंतीवरून भाकरीही आली आणि एकदा तर टोमणाही. विजयसिंहांच्या मोटारीला दुसरं बक्षीस मिळालं. आण्णा सीमेपलीकडं एका गावात दिसतात म्हणे, तिथं एका बोअरच्या पंपाला अंगात येतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या चैत्रात तानाबाई गेली.

तेराव्याला मांडवात माणसं बसली होती. गावकी बसते तशी, थोडं रडून, थोडं राजकारण बोलून. आणि तिथं एकानं, तोंड पाडून, अगदी मायेनं ज्ञानूला म्हटलं, "काय करायचं, बाबा. गाडीनं आधीच न्हाय म्हणून सांगितलं हुतं. ऐकलं न्हाय आपण."

मला वाटलं होतं, प्लेट बघितली, कासरा हातात घेतला, ढोलकं वाजवून झालं, म्हणजे संपलं. तसं नसतं. युक्ती उघडी पडायला एक सकाळ लागते. डोक्यात बसलेली भीती निघायला किती लागतात, मला माहीत नाही.

ज्ञानू कधी कुणाला उलटून बोलला नव्हता. त्या दिवशी त्यानं मान वर केली.

"अडीच महिनं ऐकलं," तो म्हणाला. "म्हणून गेली."

ज्यानं ते म्हटलं होतं तो टोपी सारखी करत बसला.

हे मी लिहितोय ते माफी मागायला नाही. माफी मागायची ती बाई उरली नाही. मला आता साधं एवढंच सांगायचंय. मोटार कापायला लागली तर मिस्त्रीला दाखवा, आणि मिस्त्री गोष्टी सांगायला लागला तर दुसऱ्या मिस्त्रीला दाखवा. अंगात गाठ लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडं जा, आणि जिच्या अंगात आहे तिला आधी विचारा. जो कुणी तुम्हाला "थांब" म्हणेल, मग तो देवळात बसलेला असो, हॉटेलात बसलेला असो की माझ्यासारखा पिकल्या केसांचा असो, त्याला एकच विचारा, की हे तुला कसं कळलं. त्याला दाखवता येत असेल तर बघा. दाखवता येत नसेल तर त्याच्यासाठी एक दिवसही थांबू नका.